घरी येणाऱ्या मावशी आणि त्यांचा पगार : मिरजेतल्या एका शुश्रूषा सेवेबद्दल

मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूरकडची आणि पार विजापूर-बेळगावकडची माणसंही इथे उपचाराला येतात, त्यामुळे घरी पेशंट सांभाळायला मावशी पुरवणाऱ्या ब्यूरोंची इथे वाण नाही. मात्र यातली एक सेवा मी जवळून पाहिली आहे आणि तिच्याबद्दल नीट लिहायला हवं असं बरेच दिवस मनात होतं. तिला नाव नाही, पाटी नाही. गावात सगळे ‘सिस्टरांच्या मावशी’ एवढंच म्हणतात. सिस्टर म्हणजे एका निवृत्त स्टाफ नर्स. ट्रेनिंग मिशनच्या दवाखान्यात झालं, पुढची सगळी नोकरी वॉर्डात गेली. आता त्यांच्याकडे डझनभर मावशी आणि दोन मामा आहेत. बहुतेक जण बेडग, आरग, मालगाव या बाजूचे.

आधी दर सांगते, कारण बहुतेकांना तेच आधी हवे असतात. चोवीस तासांची मावशी महिना २३,००० रुपये. बारा तासांची १३,५००. सिस्टर स्वतः येऊन ड्रेसिंग करतात किंवा लघवीची नळी बदलतात त्याचे एका वेळचे २५०, सामान आपलं. गावातल्या इतर ब्यूरोंच्या मानाने दर फार कमी नाहीत आणि फार जास्तही नाहीत. फरक आहे तो पहिल्या दिवशी हातात मिळणाऱ्या कागदात. त्यावर दोन आकडे असतात : घरच्यांनी द्यायचे २३,०००, मावशींना मिळायचे २०,५००. मधल्या अडीच हजारांत आठवड्याच्या सुट्टीला येणाऱ्या बदली मावशींचा पगार, हातमोजे, अ‍ॅप्रन आणि सिस्टरांचं स्वतःचं येणं-जाणं. कागदाची एक प्रत आपल्याला, एक मावशींना. मावशींना वाचता येत नसेल तर सिस्टर आपल्यासमोर मोठ्याने वाचून दाखवतात.

हा कागद मला एवढा मोठा का वाटतो ते सांगते. माझ्या आईचं खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि त्यातून ती उठते न उठते तोच उजव्या अंगावरून वारं गेलं. वय ऐंशीच्या पुढे. मी शाळेत शिकवते, आमच्या ह्यांची नोकरी फिरतीची. पहिल्यांदा आम्ही एका ब्यूरोतून बाई लावली. नाव घेत नाही. आम्ही महिन्याला बावीस हजार मोजत होतो आणि त्या बाईंच्या हातात तेरा पडत होते, हे मला त्यांनी उचल मागितली तेव्हा कळलं. तेरा हजारांत त्यांच्या घरच्या चार माणसांचं भागत नव्हतं. म्हणून रात्री आमच्याकडे आणि मी दुपारी शाळेत असताना शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या पेशंटकडे, अशी त्यांची दुहेरी ड्युटी चालली होती. माणूस आहे, डोळा लागणारच. रात्रभर आई एकाच कुशीवर पडून राहायची. कमरेच्या खाली, माकडहाडावर आधी लाल चट्टा उठला आणि मग तिथली कातडी फाटली. त्या बाईंना मी कधीच दोष दिला नाही. त्यांच्या पगारातून कापलेले नऊ हजार शेवटी माझ्या आईच्या पाठीवर उमटले, असं मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

सिस्टर पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा त्यांनी आईला बघायच्या आधी मला तीन प्रश्न विचारले. मावशी जेवणार कुठे? झोपणार कुठे? संडास कुठला वापरणार? मी उत्तरं दिली, तर म्हणाल्या, “दाखवा.” आणि खरंच जागा बघितली. ताट-वाटी वेगळी ठेवणारं, मावशींना जिन्याखाली झोपवणारं, नाहीतर ‘कुठल्या समाजाच्या आहेत?’ असं आडून विचारणारं घर त्या घेत नाहीत. ब्राह्मणपुरीतल्या एका बऱ्यापैकी पैसेवाल्या घराला त्यांनी याच कारणाने नाही म्हटलेलं मला माहीत आहे. तसंच एका ख्रिस्ती घरालाही. त्या घरात रोज संध्याकाळी कौटुंबिक प्रार्थना व्हायची आणि मावशींचा चहा फुटक्या कपातून यायचा.

मग त्या आईपाशी गेल्या. “आजी, मी तुमची पाठ बघू का?” एवढं विचारून, आईने मान हलवेपर्यंत थांबल्या. कोणाच्याही अंगाला हात लावायच्या आधी त्या विचारतात, पेशंट शुद्धीत नसला तरी. जखमेभोवतीच्या लाल जागेवर त्यांनी बोट दाबलं आणि काढलं. मला म्हणाल्या, बोट काढल्यावर जागा पांढरी होऊन मग परत लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही लालच राहिली तर आतलं मांस दबायला लागलंय. आमच्याकडे पाठीला स्पिरिट चोळून वर पावडर मारायची पद्धत होती, ती त्याच मिनिटाला बंद झाली. लाल झालेली जागा चोळायची नाही. मेडिकलमधून आणलेली गोल हवेची रिंग आईच्या खाली होती, तीही काढली. बसल्या जागेला मोकळं ठेवण्यासाठी म्हणून लोक ती आणतात, पण तिच्या कडेने दाब पडून मधल्या भागाचं रक्त आणखी कमी होतं. एअर बेड होता, तो मात्र ठेवला. फक्त गादीखाली तळहात सरकवून, आईचं अंग खाली टेकत नाही ना हे रोज बघायला सांगितलं. हवा कमी झाली की महागातली गादीही काही कामाची नाही.

कूस बदलण्याचं वेळापत्रक त्यांनी कपाटाच्या दारावर चिकटवलं. दर दोन तासांनी : डावी, पाठ, उजवी. पूर्ण आडवं वळवायचं नाही, पाठीमागे उशी लावून तिरकं ठेवायचं, म्हणजे सगळा भार खुब्याच्या हाडावर येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. उजवा हात निर्जीव, तो अंगाखाली अडकू नये म्हणून त्यालाही वेगळी उशी. आणि वर सरकवताना काखेत हात घालून ओढायचं नाही. खाली आडवी चादर असते, ती दोघींनी दोन्ही बाजूंनी धरून उचलायची. आमच्याकडे आलेल्या मावशी बेडगच्या. त्या प्रत्येक वेळी म्हणायच्या, “आजी, कूस बदलायची हं, जरा दमानं घ्या.” रात्री दोन वाजताही आवाज तोच. दारावरच्या कागदावर वेळेपुढे त्यांची खूण असायची : लिहिता येत नव्हतं म्हणून डावीला एक रेघ, पाठीला गोल, उजवीला दोन रेघा. मी शिक्षिका, वह्या तपासणं हे माझं रोजचं काम. इतकी प्रामाणिक वही मी क्वचित पाहिली आहे.

भरवण्याचंही तसंच. अर्धांगवायूच्या पेशंटला पातळ पाणी ठसक्याने फुप्फुसात जाऊ शकतं, हे आम्हाला दवाखान्यातून सांगितलं होतं, पण करायचं कसं हे कोणी दाखवलं नव्हतं. पलंगाचं डोकं वर, हनुवटी किंचित खाली, चमचा डावीकडून म्हणजे चांगल्या बाजूने, घास गिळल्यावर उजव्या गालात काही साठलंय का ते बघायचं, आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं. नाचणीची आंबील दाटसर करायची. हे सगळं मावशींनी केलं, पण सिस्टरांनी ते मलाही शिकवलं, कारण “उद्या मावशी आल्या नाहीत तर आजी उपाशी राहायला नकोत.” दिवाळीच्या सुमारास जखम भरून आली.

आता ज्यासाठी हे लिहायला बसले त्याकडे येते. आम्ही ख्रिस्ती आहोत, सिस्टरही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, विश्वासू माणूस कोणाला म्हणायचं याची एक ठरलेली कल्पना आहे. रविवारची उपासना चुकवायची नाही, कॉटेज मीटिंगला म्हणजे घरोघरच्या प्रार्थनासभेला हजर, महिला मंडळात पुढे, संजीवन सभेला पहिल्या रांगेत, दशांशाचं म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला द्यायचं पाकीट वेळेवर. मी हे सगळं करते आणि आनंदाने करते. सिस्टर मात्र रविवारी सकाळी चर्चमध्ये क्वचितच दिसतात. कारण त्यांच्या बहुतेक मावशींची सुट्टी रविवारची असते आणि बदली मावशी कमी पडल्या की त्या घरी सिस्टर स्वतः उभ्या राहतात. आमच्याकडेही त्या कितीतरी रविवारी आल्या. चर्चची घंटा वाजत असायची आणि सिस्टर माझ्या आईचं तोंड साफ करत असायच्या. आमच्या बेडगच्या मावशींना सुट्टीच्या दिवशी बायबलशी काही घेणंदेणं नव्हतं. त्यांना नातवंडांकडे जायचं असायचं. आषाढीला त्यांना वारीला जायचं होतं तेव्हा सिस्टरांनी पगारी रजा दिली आणि तेवढे दिवस बदली बाई लावली, आमच्याकडून एक रुपयाही जास्त न घेता.

यावरून मंडळीत कुजबुज झाली, हे मी लपवणार नाही. चर्चला येत नाहीत आणि बाईला पंढरीला पाठवतात, असं बोललं गेलं. दुसरी गोष्ट यापेक्षाही गाजली. किल्ला भागातल्या एका आजोबांकडे त्यांच्या मावशी होत्या. आजोबांची दृष्टी गेलेली, आयुष्यभर संध्याकाळी हरिपाठ म्हणायची सवय, आणि आता पुढची ओळ आठवेना म्हणून जीव कासावीस व्हायचा. सिस्टर संध्याकाळच्या फेरीला गेल्या की त्यांच्या उशाशी बसून पुस्तकातून ओळ वाचायच्या, आजोबा मागून म्हणायचे. एका वडीलधाऱ्यांनी त्यांना याबद्दल छेडलं. सिस्टर म्हणाल्या, “ते आजारी आहेत आणि त्यांना दिसत नाही. मला वाचता येतं.” माझ्या मते हे उत्तर पुरेसं आहे. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, पंचविसाव्या अध्यायात, न्यायाच्या दिवशी राजा विचारतो ते भुकेल्याबद्दल, परक्याबद्दल, उघड्याबद्दल, आजाऱ्याबद्दल, बंदिवानाबद्दल. आजाऱ्याची भेट घेताना त्याचा पंथ विचारला होता का, असा प्रश्न त्या अध्यायात कुठेही नाही.

दुसऱ्याच्या घरी त्या स्वतःहून प्रार्थना करत नाहीत. धर्मप्रचाराच्या पत्रिका वाटत नाहीत, भिंतीवर बायबलचं वचन लावत नाहीत. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, अंथरुणावरच्या माणसाला उठून जाता येत नाही, त्याला ऐकवणं म्हणजे जबरदस्ती. आमच्या घरी आईनेच मागितलं, म्हणून त्या बायबलमधलं ७१वं स्तोत्र वाचायच्या : म्हातारपणी मला टाकू नको, माझी शक्ती सरली तरी मला सोडू नको, अशा अर्थाची प्रार्थना आहे त्यात. आईचं बोलणं अडखळत असायचं, पण त्या ओळीपाशी तिचे ओठ हलायचे.

मला मात्र त्यांची श्रद्धा सर्वांत स्पष्ट दिसते ती पाच तारखेला. मावशींचा पगार पाच तारखेला होतो म्हणजे होतोच. एखाद्या घरचे पैसे अडकले तरी सिस्टर आपल्या पेन्शनीतून आधी मावशींना देतात आणि मग त्या घराच्या मागे लागतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या २४व्या अध्यायात मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव तिच्यात गुंतलेला आहे. याकोबाच्या पत्रात तर अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते, असं म्हटलं आहे. ही वचनं मी लहानपणापासून ऐकलेली आहेत. त्यांच्यावर प्रवचन मात्र मी फारसं ऐकलेलं नाही. आमच्याच समाजातले किती दवाखाने, शाळा, संस्था आपल्या शिपायांचे, आयांचे पगार महिनोन्‌महिने थकवतात आणि वर्षाच्या शेवटी आभारप्रदर्शनाची उपासना घेतात, हे सगळ्यांना माहीत आहे. मला याचा राग येतो आणि तो मी इथे लिहून ठेवते.

मिरजेत ही परंपरा आजची नाही. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली भारतात आले आणि १८९४ मध्ये त्यांनी इथला दवाखाना उभा केला. सांगली-मिरजेच्या मध्ये वानलेसवाडी आहे, ती त्यांच्याच नावाची. परक्या माणसाचं मलमूत्र काढणं हे घरंदाज बाईचं काम नव्हे असा समज असताना महाराष्ट्रात नर्सिंगला ज्या मुली पुढे आल्या, त्यांत ख्रिस्ती मुली मोठ्या संख्येने होत्या. आमच्या घरातल्याच दोन आत्या त्यात होत्या. आणि चर्चच्या भिंतीबाहेरच्या श्रद्धेचं म्हणाल, तर नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला, त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. टिळकांची भजनं आम्ही दर रविवारी गातो. दरबाराची आठवण फारशी कोणी काढत नाही. सिस्टरांच्या मावशींत हिंदू आहेत, दोघी मुसलमान आहेत, तिघी-चौघी ख्रिस्ती आहेत, आणि नाताळचा बोनस सगळ्यांना सारखा आहे. मिरजेला एवढं लांबचं उदाहरण शोधायची गरज नाही, असं मला वाटतं.

उणिवा आहेत, त्याही सांगायला हव्यात. पहिली म्हणजे मावशी लगेच मिळत नाहीत. आम्हाला तीन आठवडे थांबावं लागलं, आणि दवाखान्यातून उद्या डिस्चार्ज आहे अशा घराला तीन आठवडे म्हणजे फार. मामा दोनच असल्यामुळे वजनदार पुरुष पेशंटची बरीच अडचण होते. गळ्याला नळी असलेला, ऑक्सिजन मशीनवरचा पेशंट त्या घेत नाहीत. ते बरोबरच आहे, पण फोनवर आधीच सांगितलं जात नाही, भेटीनंतर कळतं, त्यात एक-दोन दिवस जातात. नाकातून नळी असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. रात्री नऊनंतर सिस्टर फोन उचलत नाहीत. त्यांचंही वय झालंय, हे मान्य, पण रात्री लघवीची नळी तुंबली तर विचारायला दुसरा नंबर हवा. मी हे त्यांना बोलून दाखवलं आहे. त्यांच्याकडच्या एका तरुण एएनएम (नर्सिंगचा कोर्स केलेल्या) मुलीला रात्रीचा फोन द्यायचा विचार चालू आहे म्हणाल्या. तो झाला तर माझी मोठी तक्रार मिटेल.

आणखी एक, काही घरांना खटकणारी गोष्ट. मावशी घरचा स्वयंपाक, धुणीभांडी, केर-फरशी करत नाहीत. पेशंटचं जेवण, पेशंटचे कपडे, पेशंटची खोली, एवढंच. आमच्या नात्यातल्या एका घराने ‘दिवसभर नुसतीच बसून असते’ म्हणून मावशींना पोळ्या लाटायला लावलं. सिस्टरांनी समज दिली, मग दुसऱ्यांदा तसंच झाल्यावर मावशी काढून घेतल्या आणि उरलेल्या दिवसांचे पैसे परत केले. नातेवाईक अजून नाराज आहेत. माझी बाजू मावशींची आहे. दर दोन तासांनी एका मोठ्या माणसाला उचलून वळवून बघा, म्हणजे मधल्या वेळात बसणं का लागतं ते कळेल.

पावती हातानं लिहिलेली मिळते. नोकरीच्या ठिकाणी वैद्यकीय खर्च दाखवायचा असेल तर ती चालेलच असं नाही, आमची चालली नाही. पैसे बँकेत टाकता येतात, फक्त थेट मावशींच्या खात्यावर. सिस्टरांचे अडीच हजार वेगळे. मावशींचं खातं नसेल तर सिस्टर आधी ते काढून देतात, त्यासोबत वीस रुपयांचा सरकारी अपघात विमाही उतरवतात.

नंबर इथे देत नाही, त्यांनी नको सांगितलंय. मिशन हॉस्पिटलच्या आसपासच्या कुठल्याही मेडिकलमध्ये विचारलं तर मिळेल. फोन सकाळी दहाच्या आत करा, कारण नंतर त्या फेरीवर असतात. पेशंटचं वजन, कुठली नळी आहे का, आणि पाठीला जखम आहे का, एवढं तयार ठेवा. मावशींच्या झोपायची जागा आधी रिकामी करून ठेवली तर पहिल्या भेटीतच काम होईल.